बिनमसाल्याचे चार महिने

मे महिना लागला की आमच्या भागात माणसं एकमेकांकडे बघून शिंकतात. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या भाजायला सुरुवात होते आणि तो ठसका वाऱ्याबरोबर आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. ह्या मे महिन्यात एका सकाळी मी गॅलरीत दात घासत उभा होतो आणि मोसमातली पहिली शिंक आली. लगेच शेजारच्या परबांच्या खोलीतून दुसरी आली, मग कोपऱ्यावरच्या खोलीतून तिसरी. पूर्वी अशी शिंक आली की सुनंदा आतून म्हणायची, "चला, लागला मे. कॅलेंडर बघायला नको." त्या सकाळी आतून कुणी काही म्हणालं नाही. मी तोंड धुतलं आणि चहा ठेवला.

सुनंदा माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं. जायच्या आधीच्या मे महिन्यात तिनं नेहमीसारखा वर्षाचा मसाला करून बरणी भरली होती. मसाला दोघांचा, आणि खाणारा उरलो मी एकटा, त्यामुळे तो फार दिवस पुरला. मी हात आखडता घेऊनच वापरत होतो, हे कबूल करायला हरकत नाही. कधी कधी नुसतं झाकण उघडून वास घ्यायचो आणि त्या दिवशी पिठलं करायचो, म्हणजे मसाला वाचायचा. यंदा शिमग्याच्या सुमारास चमचा तळाला खरवडला. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं आणि ते चांगलं झालं होतं. जेवणानंतर बरणी घासायला घेतली, घासवेना, म्हणून तशीच फळीवर ठेवून दिली.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकाला उतरती कळा लागली. करायचं म्हणून करायचो, दोन दिवसांचं एकदम करून ठेवायचो, आणि दोन दिवसांचे चार कधी व्हायचे ते कळायचं नाही. माझी मुलगी तेजल नेरूळला राहते. गेल्या आठवड्यात ती आली आणि तिनं आल्या आल्या फ्रीज उघडला. ही तिच्या आईची सवय.

"बाबा, हे वरण कधीचं?"

"परवाचं."

"परवाचं की त्याच्या आधीच्या परवाचं?"

मी वर्तमानपत्र उघडलं. तेजलनं पातेलं मोरीत ओतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. "चिंचपोकळीला स्टेशनजवळ साटम म्हणून मावशी आहेत. घरगुती डबे देतात. मी बोलून ठेवलंय, सोमवारपासून दोन्ही वेळचा डबा येईल. गॅस चहापुरता ठेवायचा. ही भाजी आणा, ते निवडा, एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला? शिवाय स्वस्त पडेल. तुम्हीच हिशोब करून बघा, तुम्ही तर स्टोअरकीपर."

ती गेल्यावर मी खरंच हिशोब केला. उभी नोकरी मी स्टोअरमध्ये आणि गोडाऊनमध्ये काढली. माल किती आला, किती गेला, किती उरला, ह्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. आणि एकट्या माणसाचा स्वयंपाक हा स्टोअरकीपरनं डोक्याला हात लावावा असाच प्रकार आहे. कोथिंबिरीची जुडी आणली की चार काड्या पोटात जातात, बाकीच्या फ्रीजमध्ये काळ्या पडतात. नारळ फोडला की एक वाटी कामी येते आणि दुसरीला बुळबुळ सुटते. अर्धा दुधी भाजीवाला देत नाही, आणि दिलाच तर अशा नजरेनं देतो की पुढच्या वेळी मागायची लाज वाटते. मुठीएवढा भात शिजायला गॅस जवळजवळ तेवढाच लागतो, जेवढा तिघांच्या भाताला लागायचा. मी कागदावर तीनदा मांडून बघितलं. तीनही वेळा डबा स्वस्त आला.

म्हणजे तेजलचं बरोबर होतं. मला डबा नको होता, पण का नको ते सांगता येत नव्हतं. सोमवार चार दिवसांवर आला होता आणि मुलीला नाही म्हणायला माझ्याजवळ एकही आकडा नव्हता. ते चार दिवस मी स्वयंपाकघरात उगाच उभा राहून काढले. डबे उघडायचे, डाळीत हात घालायचा, झाकण लावायचं. आणि बाहेरून तो मिरच्यांचा वास येत राहिला, त्या एका वर्षाच्या मे महिन्यात यायचा तसाच.

त्या वर्षी एप्रिल संपता संपता आमच्या कारखान्याचं शटर खाली आलं. कारखाना कसला, चिंचपोकळीला रुळांच्या कडेला दहा-बारा माणसांचं वर्कशॉप होतं. शेठनी सगळ्यांना चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी स्टोअरची शेवटची मोजणी करून, सही घेऊन घरी आलो. सोबत बिनकार्डांचा एक कोरा गठ्ठा आणला. बिन म्हणजे स्टोअरमधला खण; प्रत्येक खणाला लटकवायचं जाड कार्ड असतं, त्यावर जमा, खर्च, शिल्लक लिहितात. ती कार्डं कुणाला नको होती.

सुनंदा तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर अर्धा दिवस बसायची. तेजल नववीत होती. माझ्या हातातली कार्डं बघून सुनंदानं चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मी पूर्ण दिवस मागून घेते. तुम्हाला काम मिळेपर्यंत घरचं तुम्ही बघा."

"घरचं म्हणजे काय काय?"

"म्हणजे सगळं. आणि आता मे आहे, म्हणजे आगोट."

पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे आगोट. पावसात भाजी महाग होते, बोटी बंद राहतात म्हणून ताजी मासळी नसते, उन्हाअभावी काही वाळत नाही. म्हणून सुकी मासळी, कडधान्यं, कोकम, कांदे-लसूण आणि मुख्य म्हणजे मसाला, हे सगळं मे महिन्यातच भरून ठेवायचं. आमच्या घरी हा खर्च दरवर्षी सुनंदाच्या भिशीतून व्हायचा. त्या वर्षीची भिशी तिनं माझ्या हातावर ठेवली. "ह्यात दसऱ्यापर्यंत. माझ्या पगारातून खोलीचं भाडं आणि तेजलचा क्लास जाईल. तिकडचा पैसा इकडे यायचा नाही." आजवर इतकी मोठी जबाबदारी मला कुठल्याच शेठनं दिली नव्हती.

मी बिनकार्डांच्या मागे चार महिन्यांच्या जेवणाचा तक्ता आखला. आठवड्याचे सात दिवस, दोन वेळा, कोणत्या दिवशी काय. सुनंदानं तो बघितला आणि लाटणं बाजूला ठेवून हसली. "बाजारात जायच्या आधीच मेनू ठरवलात? आधी काय स्वस्त आहे ते बघायचं, मग काय खायचं ते ठरवायचं. आणि आणलेली एक वस्तू तीन दिवस पानात आली पाहिजे, पण तेजलला ओळखू येता कामा नये." मला ते पटेना. मग तिनं एक दुधी आणायला लावला. पहिल्या दिवशी त्याची चणाडाळ घालून भाजी, दुसऱ्या दिवशी सालीची तीळ घालून चटणी, तिसऱ्या दिवशी उरलेला किसून थालीपिठात. तेजल तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज दुधी नाही ना? सुटले." मी त्या दिवशी तक्ता फाडून टाकला आणि नवीन कार्ड घेतलं.

पहाटे उठून मी भायखळ्याच्या भाजीबाजारात जायला लागलो. जाताना चालत, येताना पिशव्या जड असतील तर बसनं. पहिल्याच फेरीत बटाटे स्वस्त दिसले म्हणून अख्खं पोतं उचललं, कारण कारखान्यात घाऊक खरेदी म्हणजे शहाणपणा. पंधरा दिवसांत पलंगाखाली त्यांना कोंब फुटले. सुनंदानं एक कोंबवाला बटाटा उचलून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "ह्याचं नाव काय ठेवायचं?" त्यानंतर मी अख्ख्या पोत्याच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. हळूहळू हात तयार झाला. पालेभाजीची जुडी दांड्यावरून ओळखायची, वांग्याचं देठ बघायचं, उन्हं चढायला लागली की भाव उतरतो पण भाजीही उतरते, ह्या दोन्हींच्या मधली वेळ पकडायची. ती वेळ पकडली की मला जो आनंद व्हायचा तो बायकोशिवाय कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

शीव कोळीवाड्याची पारूबाई डोक्यावर टोपली घेऊन चाळीत सुकी मासळी द्यायची. मी तिच्यासमोर बसून बोंबील एकेक करून मोजायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, हे नटबोल्ट नाय, बोंबील हाय. मोजू नको, वास घे." मग तिनंच माझ्या नाकाखाली एक बरा आणि एक दमट बोंबील धरला, आणि फरक कळेपर्यंत सोडलं नाही. सुकट मुठीत दाबून बघायला शिकवली. मुठीत चिकटली तर ओली, झरझर सुटली तर घ्यायची.

हे सगळं चाळीदेखत चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. आमच्या चाळीत तेव्हा गॅलरीत बसून मेथी निवडणारा पुरुष मी एकटाच. जिन्यात कुणी ना कुणी भेटायचं. "काय सावंत, आज मेनू काय?" मी हसून सांगायचो, "चवळीची उसळ, येतोस का?" तोही हसायचा. मग आत येऊन मी कांदा कापायला घ्यायचो. बायकोच्या पगारावर बसलेला माणूस, एवढं एकच वाक्य मला प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसायचं. कदाचित तिथं नसेलही. सुनंदाला मी हे कधी सांगितलं नाही, पण तिनं ते ओळखलं होतं. सकाळी कामावर निघताना ती मुद्दाम गॅलरीत उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "अहो, कालची कुळथाची पिठी फारच छान झाली होती हं." घरात मात्र तिनं माझं कधी कौतुक केलं नाही. तिची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे, "खाल्लं जातंय."

मग मसाल्याचा दिवस आला. मिरच्या गच्चीवर वाळवून झाल्या होत्या. धने, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ, सगळं सुनंदानं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मी गल्लीत रांग लावली, डोळ्यांदेखत भाजून घेतलं, डंकाच्या मुसळांखाली कुटून घेतलं. डंकाचा तो धप्प-धप्प आवाज, कुटणाऱ्यांच्या भुवयांवर बसलेली लाल पूड, आणि शेवटी पिशवीत पडलेला तो गरम, दरवळणारा मसाला. मी तो पोटाशी धरून घरी आणला. सुनंदा कामावर होती. आणि तिथं माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. आलेला माल मोकळा ठेवायचा नाही, लगेच खणात टाकून बंद करायचा, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी बरणी पुसली, मसाला दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले, झाकण घट्ट लावून फडकं बांधलं आणि त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली. रोजच्या वापराला तेवढा एक छोटा डबा वेगळा काढला. हाताला बरणी कोमट लागत होती, तेव्हाही मला काही वाटलं नाही. ती फळीवर बघताना मला फार बरं वाटलं होतं.

संध्याकाळी सुनंदानं विचारलं, "झाकण नीट लावलंत ना?"

"म्हणजे काय," मी म्हणालो.

ज्या बाईनं जन्मभर मसाला वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण थंड झाल्याशिवाय भरला नाही, तिला तो कुणी गरम भरेल हे सुचलंच नाही. आणि मला थंड करायचा असतो हे सांगायला कुणी नव्हतं. छोटा डबा जूनच्या मध्यावर संपला. मी फडकं सोडलं, झाकण उघडलं, आणि आत पांढरी बुरशी पसरली होती, खालपर्यंत. आगोटीतली सगळ्यात महाग वस्तू ती. मी वरचा थर खरवडून काढला, उरलेला दुपारभर तव्यावर परतला आणि त्यातलाच घालून बटाटा-बोंबील केला. सुनंदा आठला आली, पाय धुऊन जेवायला बसली. पहिला घास घेतला आणि थांबली.

"अहो, मसाला गरम भरला होतात?"

मी वाढायची पळी पातेल्यात ठेवली. तेजलनं माझ्या तोंडाकडे बघितलं. सुनंदानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पानातलं सगळं संपवलं आणि हात धुतले. मग तिनं बरणीतला मसाला दोन पिशव्यांत भरला. "हा आपल्या मजल्याच्या कचऱ्यात जायचा नाही. मी सकाळी जाताना परळला टाकीन. दसऱ्यापर्यंत बिनमसाल्याचं जेवायचं. बाहेर एक शब्द बोलायचा नाही."

"विकतच्या पुड्या आणतो."

"किती पुड्या आणि कशातून? तुमच्या कार्डावर बघा बसतात का."

बसत नव्हत्या. मग आमचे बिनमसाल्याचे दिवस सुरू झाले. आज मला जी चव हवीहवीशी वाटते ती नेमकी त्या दिवसांतली आहे, ह्याचं मलाच आश्चर्य वाटतं. बोंबील मी नारळाच्या वाटपात, म्हणजे वाटलेल्या नारळात, हळद, त्रिफळ आणि कोकम घालून करायचो. कुळथाच्या पिठीला लसणाची फोडणी आणि दोन हिरव्या मिरच्या. चवळीला नुसतं आलं आणि ओलं खोबरं. आमसुलाचं सार. सगळं फिकट पिवळं नाहीतर पांढरं. बाहेर पावसाळी उजेड, गॅलरीत पाणी गळणारी तिची छत्री, आणि आत वाफाळलेला भात. ती यायची वेळ झाली की मी जिन्यातली पावलं ओळखायचो. ती पदरानं कपाळ पुसत आत यायची आणि म्हणायची, "काय केलंत?" दिवसभर कुणी तरी हे विचारावं म्हणून मी राबलो होतो असं मला वाटायचं. मी पान वाढून समोर बसायचो आणि तिचा चेहरा वाचायचो. तिला तिखट लागायचं, जबर तिखट. मिठाला लावून हिरवी मिरची कच्ची चावणारी बाई ती. त्या फिक्या जेवणाला तिनं कधी नाक मुरडलं नाही, पण मिरची मात्र जास्त चावायची. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, "हां, आता लागलं जेवण."

दसऱ्याच्या आधी मला लोअर परळला एका गोडाऊनमध्ये काम मिळालं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पहिल्या दिवशी डबा सुनंदानं भरला. मी बूट घालताना स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मला वाईट वाटलं. आपल्याला इथून काढून टाकलंय असं काहीतरी. ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. त्यानंतर मी कधीमधी रविवारी काहीतरी करायचो, पण ते पाहुण्यासारखं. आमची दोघांची तशी संध्याकाळ पुन्हा आली नाही. आम्ही नंतर बरी वर्षं बघितली, खोलीत फ्रीज आला, तेजलचं लग्न झालं, पण मला कुणी विचारलं की परत कुठे जायचंय, तर मी त्या जुलै-ऑगस्टातच जाईन. नोकरी नसलेला, मसाला नासवलेला, आणि तरी.

शुक्रवारी संध्याकाळी परबवहिनी वाटी घेऊन आल्या. कोंबडीची सागुती होती, लालभडक रश्शाची. त्यांची आणि आमची भिंत एक, आणि भिंतीला कान असल्यासारखं त्यांना सगळं कळतं. "डबा लावताय म्हणे भाऊजी."

"तेजल म्हणतेय."

"हं." त्या दारातच टेकल्या. वाटीकडे बघून म्हणाल्या, "सुनंदा असती तर तिला आमच्याकडेच जेवायला बसवलं असतं. तिची वाटी वेगळी, बिनमसाल्याची."

"बिनमसाल्याची का?"

"तिला पित्त ना."

"सुनंदाला? पित्त?" मी म्हणालो. "ती मिरच्या चावून खायची."

परबवहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तुम्हाला सांगितलंच नव्हतंन तर." मग त्यांनी सांगितलं. त्या पावसाळ्यात आमच्याकडून मसाल्याचा वास येईना, म्हणून त्या एक दिवस वाटीभर मसाला घेऊन आमच्या दाराशी आल्या होत्या. मी बाजारात गेलो होतो, सुनंदा सुट्टीची घरी होती. तिनं वाटी हातात घेतली नाही. म्हणाली, "नको गो. माका पित्त झाला, डॉक्टरान मसालो बंद केल्यान."

मला ऐकवेना. मी म्हणालो, "वहिनी, पित्तबित्त काही नव्हतं. मसाला मी नासवला होता. गरम भरला, बुरशी आली."

"आमका म्हायत होता."

"काय माहीत होतं?"

"अहो, तुम्ही दुपारभर तव्यावर परतलात तो. बुरशी लागलेल्या मसाल्याचा वास लपतो काय? अख्ख्या मजल्याला कळलं. पण ती पित्त म्हणाली, मग आम्हीपण पित्त म्हणालो." वहिनी हसल्या. "मी पण कमी नाही. म्हटलं, एवढं खोटं बोलतेस काय, बघूया. त्या वर्षी गौरीच्या तिखट नैवेद्याला बायकांच्या पंगतीत सगळ्यांना सागुती वाढली आणि हिच्यासाठी मसाला घालायच्या आधी एक वाटी वेगळी काढली. पांढरी. पुढच्या वर्षीपण तेच. शिमग्याला, नातवाच्या बारशाला, दरवेळी. म्हटलं कधीतरी कंटाळून म्हणेल, परबीण, पुरे झालं, मसाल्याचं दे. पण म्हणजे तुम्ही मसाला नासवलात हे कबूल करावं लागलं असतं ना. बाई शेवटपर्यंत बोलली नाही. ती पांढऱ्या सागुतीची वाटी पुसून खायची आणि वर म्हणायची, छान झालीय गो."

"आणि तुम्ही देत राहिलात?"

"ती खात राहिली, मी देत राहिले." वहिनींनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "आता वाटतं, एकदा तरी तिखट वाढायला हवी होती."

त्या गेल्यावर मी वाटी झाकून ठेवली. मला आठवलं की परबांकडून जेवून आली की सुनंदा घरी पुन्हा भात घ्यायची, लसणीच्या तिखटाबरोबर, उभ्या उभ्या. मी विचारायचो, "आत्ताच जेवलीस ना?" ती म्हणायची, "दोन घास आपल्या घरचे." मी तिला खादाड म्हणून चिडवायचो. इतकी वर्षं चिडवलं. नोकरी गेलेल्या नवऱ्याची जिन्यात थट्टा होऊ नये म्हणून जे ती एकदा बोलली, ते पुढे कितीतरी चांगले दिवस आले तरी तिनं मागे घेतलं नाही. आणि मी तिला त्याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाही आता. मला रडू आलं. रडलो आणि मग गार झालेली सागुती खाल्ली.

रविवारी तेजल आली, साटममावशींना द्यायचे डबे पिशवीत घेऊनच. मी सकाळी स्वयंपाक करून ठेवला होता. नारळाच्या वाटपातले बोंबील, भात, आमसुलाचं सार. ती पहिला घास घेऊन थांबली.

"हे त्या वर्षीचं ना? मसाला खराब झाला होता तेव्हाचं."

"तुला आठवतंय?"

"बाबा, चार महिने हेच खात होतो आपण."

मग मी तिला परबवहिनींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती जेवायची थांबली. बाहेर गल्लीतून मिरच्यांचा ठसका आला आणि आम्ही दोघं शिंकलो, पण हसलो नाही.

"आईला हे आवडायचं?" तिनं ताटाकडे बघत विचारलं.

"अजिबात नाही."

"आणि तरी रोज?"

"रोज. ताट पुसून."

मी हिशोबाचा कागद तिच्यापुढे ठेवला. "तीनदा केला. डबाच स्वस्त पडतो, तुझं बरोबर आहे. पण सकाळी उठलं की मला आज काय करायचं ते ठरवायचं असतं, तेजल. बाजारात जायचं असतं. एकट्यासाठी का होईना. माझ्याकडे तुझ्या आईचं तेवढंच राहिलंय. ते काढून घेऊ नकोस."

तेजलनं कागद वाचला नाही. तिनं आणखी भात मागितला, मी वाढला, आणि ती सगळं जेवली. मग हात धुऊन, फोन घेऊन गॅलरीत गेली. मला आतून तिची पाठ दिसत होती.

"साटममावशी, तेजल बोलतेय. उद्यापासून डबा नका पाठवू," ती म्हणाली. समोरून काहीतरी विचारणं झालं असावं. "नाही हो, दुसरीकडे नाही लावला. बाबा घरी जेवतात."